काँक्रीट ओतण्याआधी पाण्याचं ठरवू या: हट्टा ग्रामपंचायतीला खुलं पत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामसभेतले सर्व गावकरी,
ग्रामपंचायत हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली



गावातला पुढचा सिमेंट रस्ता मंजूर होईल तेव्हा त्याच्या अंदाजपत्रकात या रस्त्यावर पडलेलं पाणी कुठे जाणार तेही लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी हे पत्र. लांबी, रुंदी, जाडी, मुरमाचा भराव, खडीचा थर, काँक्रीटचा दर्जा, सगळं त्या कागदावर असतं. पाण्याचा पत्ता नसतो. नाली झालीच तर दोन-तीन वर्षांनी, वेगळ्या निधीतून, वेगळ्या गुत्तेदाराकडून होते, आणि तोवर रस्त्याचा उतार जो काय पडायचा तो पडून गेलेला असतो.

चिखलातून सुटका व्हावी म्हणून आपण सिमेंट रस्ते मागितले आणि ती मागणी रास्तच होती. पावसाळ्यात बाळंतिणीला बाजेवर घालून सडकेपर्यंत न्यावं लागायचं, ते दिवस कुणालाही परत नकोत. रस्ता नको असं मी म्हणत नाही. मला बोलायचं आहे ते आपण तो ज्या रीतीनं करतो त्याबद्दल. भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट ओतायचं, बोटभर माती उघडी ठेवायची नाही, हीच आता मराठवाड्यातल्या गावागावांत चांगल्या कामाची खूण झाली आहे. त्यातच रस्ता खराब झाला की जुना न उखडता त्याच्यावरच नवा थर चढतो. दोन-तीन थरांत रस्ता वीतभर वर येतो आणि जुन्या घरांचे उंबरठे खाली जातात. मग दारात विटांचा बांध घालायचा, पोत्यात वाळू भरून ठेवायची आणि पहिल्या मोठ्या पावसात घरातलं पाणी पातेल्यानं उपसायचं. ज्यांची घरं अजून पांढऱ्या मातीच्या भिंतींची आणि माळवदाची आहेत, त्यांना हे सगळ्यात महागात पडतं. मातीची भिंत पायातून भिजली की ती कधी बसेल याचा नेम नसतो.

आता थोडा हिशोब मांडतो. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी ठरते. हा आकडा आपल्याला पीकनुकसानीच्या पंचनाम्यांमुळे पाठ झाला आहे. तेवढाच पाऊस 100 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद रस्त्यावर पडला तर 32 हजार 500 लिटर पाणी होतं, म्हणजे पाच हजार लिटरचे साडेसहा टँकर. मातीच्या रस्त्यानं त्यातलं काही पिऊन घेतलं असतं. काँक्रीटवरून जवळजवळ सगळं वाहतं, तेही काही मिनिटांत. शिवाय दोन्ही बाजूंच्या पत्र्यांचं आणि स्लॅबचं पाणी पन्हाळीतून त्याच रस्त्यावर पडतं. शंभर मीटरच्या एका गल्लीची ही कथा. गावात अशा किती गल्ल्या आहेत ते आपण सगळे जाणतो.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. तो कमी म्हणता येणार नाही. पण तो थोड्या दिवसांत, थोड्या तासांत कोसळतो. 2022 च्या जुलैत आपल्याच तालुक्यातल्या कुरुंद्यात पाणी शिरलं आणि लोकांचे संसार भिजले. 2024 च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांना पावसानं झोडपलं. दुसरीकडे 2016 च्या एप्रिलात याच मराठवाड्यातल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पावसाळ्यात गल्लीतून पाणी लोटून लावायचं आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, हे एकाच गावाच्या एकाच वर्षात घडतं. गल्लीत जिरलेलं सगळं पाणी विहिरीतच उतरेल असं कुणी छातीठोक सांगू नये. काँक्रीटवरून वाहून गेलेलं पाणी मात्र गावच्या विहिरीत उतरत नाही, एवढं नक्की.

आपली माती या कामात सोपी नाही. पुण्यामुंबईची किंवा परदेशातली चित्रं पाहून इथे खड्डे खणले तर फसगत होईल, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहितो. जुन्या लोकांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग केले होते: शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. पहिला पाऊस त्या भेगांतून खोल जातो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर तिच्यातून ताशी जेमतेम काही मिलिमीटर पाणी खाली सरकतं. अशा मातीत नुसता खड्डा खणला तर त्याचं डबकं होतं आणि डास वाढतात. पाणी खऱ्या अर्थानं जिरतं ते खालच्या मुरमात आणि त्याखालच्या झिजलेल्या, फुटक्या खडकात. म्हणून कुठल्याही गल्लीत काम काढण्याआधी मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहायला हवं. तो कुठे दोन फुटांवर लागेल, कुठे आठ. गावठाणात तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंतींच्या मातीचे थर साचलेले असतात, तिथे अंदाज चालणारच नाही.

तपासणी साधी आहे. मुरमापर्यंत हातभर रुंदीचा खड्डा घ्यायचा, त्यात पाणी भरून तळ आणि कडा आधी भिजू द्यायच्या, मग पुन्हा पाणी भरून काठीवर खुणा करत तासातासाला ते किती उतरलं हे लिहायचं. आज भरलेलं पाणी उद्या संध्याकाळपर्यंत गेलं तर जागा चालेल. दोन दिवसांनीही पाणी तसंच असेल तर ती जागा सोडायची. डासाच्या अळीला वाढायला साधारण आठवडा लागतो. त्याच्या बऱ्याच आत पाणी नाहीसं झालं पाहिजे, ही अट कधीही ढिली करू नये. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांखाली तालुक्यातलं जे क्षेत्र येतं, तिथे काही ठिकाणी पावसाळ्याअखेर विहिरींचं पाणी फार वर येतं. अशा जागी जिरवण्याचा हट्ट न धरता पाणी नीट वाहून ओढ्याला नेणंच बरं.

मुरूम जवळ असेल आणि गल्ली पुरेशी रुंद असेल तिथे मला सुचतं ते असं. पाच मीटरच्या रस्त्याऐवजी चार मीटरचा रस्ता करावा आणि एका बाजूला मीटरभर पट्टी मोकळी ठेवावी. रस्त्याचा उतार त्या पट्टीकडे द्यावा आणि पट्टी रस्त्यापेक्षा वीतभर खोल ठेवावी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. कडेला मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावतात, आणि रस्त्याचं पाणी झाडाला न मिळता पुढे निघून जातं. पट्टीत ठरावीक अंतरावर वीस मीटर लांब, दीड मीटर खोल चर घ्यावा. तळाशी डबर, वर खडी, त्यावर जाड वाळू आणि वर माती. दगडांच्या फटींत चराच्या साधारण चाळीस टक्के जागा राहते, म्हणजे एका चरात सुमारे 12 हजार लिटर पाणी मावतं. वरच्या वीतभर खोलगट भागात आणखी चार हजार. शंभर मीटरच्या रस्त्याला असे दोन चर केले तर 65 मिलिमीटरच्या दिवशी रस्त्यावर पडणारं जवळजवळ सगळं पाणी तिथेच थांबतं. छतांचं पाणी यात धरलेलं नाही. त्यासाठी घरोघरी वेगळी सोय लागेल. आणि यापेक्षा मोठा पाऊस झाला तर जादा पाण्याला नालीत उतरायला वाट ठेवायचीच. चर आहे म्हणून नाली नको, असं समजायचं नाही.

दोन गोष्टी कनिष्ठ अभियंत्यांना आग्रहानं सांगायला हव्यात. काळी माती ओली-कोरडी होताना फुगते आणि आकसते, त्यामुळे चरातलं पाणी रस्त्याच्या भरावाखाली शिरलं तर रस्ताच फुटेल. म्हणून चराच्या रस्त्याकडच्या बाजूला जाड प्लॅस्टिकचा कागद उभा लावायचा आणि पाण्याला तळाकडे आणि दुसऱ्या बाजूला जाऊ द्यायचं. दुसरं असं की घराच्या पायापासून, त्यातही मातीच्या भिंतीपासून, चर निदान दहा फूट लांब हवा. जिथे एवढं अंतर मिळत नाही तिथे चर नकोच.

गावठाणातल्या जुन्या बोळांत हे अंतर मिळणार नाही. तिथे पट्टीही नको, झाडही नको. अशा बोळातला रस्ता कडेला उंच आणि मध्ये किंचित खोल करावा, म्हणजे पाणी भिंतींपासून दूर राहून मधोमध वाहील आणि बोळ संपतो तिथल्या मोकळ्या जागेपर्यंत पोचेल. मंदिराचं आवार, शाळेच्या मैदानाची कड, गायरान, जे जवळ असेल तिथे एकत्र जिरवण व्हावी. 2011 च्या 2 जुलैला डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, दोन-तीन तासांत सुमारे 150 मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर बुडालं. त्यानंतर 2012 मध्ये त्या शहरानं ढगफुटीसाठी आराखडा केला. त्यात काही रस्ते मुद्दाम मध्ये खोलगट करून पाणी वाहून नेण्यासाठी आणि काही बागा-मैदानं ते थोपवण्यासाठी ठरवली. एवढ्या श्रीमंत शहरानंही नुसते मोठे पाइप टाकून भागेल असं मानलं नाही.

पण आपल्याला उदाहरणासाठी एवढ्या लांब जायचं कारण नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे केले, उघड्या नाल्या बंद केल्या आणि डास हटवले. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-विटांचे तुकडे. नांदेड जिल्हा परिषदेनं 2016 च्या सुमारास तीच पद्धत जिल्ह्यातल्या इतर गावांत नेली. ते काम सांडपाण्याचं आहे, पावसाच्या लोंढ्याचं नाही, हा फरक लक्षात ठेवावा लागेल. मोरीचं पाणी रोज थोडं थोडं येतं, पाऊस एकदम येतो. पण आपल्यासारख्याच मातीवर, आपल्यासारख्याच ग्रामपंचायतीनं, गावातल्याच गवंड्यांच्या हातून हे करून दाखवलं. इथले लोक असलं काही टिकवणार नाहीत, या बोलण्याला टेंभुर्णी हे उत्तर आहे.

आपल्या बायकांना तर हे शिकवायची गरजच नाही. मोरीच्या पाण्यावर आळू आणि केळ कुणी लावली? न्हाणीचं पाणी कढीपत्त्याला कुणी वळवलं? रस्त्याच्या पट्टीत काय लावायचं ते बचत गटांना विचारा. पाण्यात चार दिवस उभी राहून पुढचे आठ महिने कोरडं सोसणारी झाडं हवीत. वाळा आणि लव्हाळा माती धरून ठेवतात, कर्दळ गाळ अडवते. मोठी झाडं लावायची तर करंज किंवा जांभूळ. विजेच्या तारांखाली मात्र पारिजातक, कन्हेर किंवा कढीपत्ताच ठेवावा, नाहीतर दरवर्षी मेच्या अखेरीस लाइनमन येऊन शेंडे छाटणार आणि झाड खुरटणार.

गावात एवढी मोठी बारव असताना पाणी जिरण्याचं महत्त्व कागदावर पटवून द्यावं लागावं, याचं मला वाईट वाटतं. बारवेतलं पाणी म्हणजे जमिनीखालचं पाणी; पायऱ्या आहेत त्या पातळी महिन्यागणिक वर-खाली होते म्हणून. ज्यांनी ती बांधली त्यांनी श्रावणातलं पाणी आणि वैशाखातलं पाणी दोन्ही डोळ्यांपुढे ठेवून पायऱ्या उतरवल्या. तिच्या भोवतालची जमीन बंद करत गेलो तर वरून कितीही साफसफाई केली, दिवे लावले, तरी तळातला झरा कमी होत जाणार. म्हणून बारवेच्या भोवताली गट्टू किंवा काँक्रीट अजिबात होऊ नये असं मला मनापासून वाटतं. गट्टू वाळूवर बसवले तर फटींतून थोडं पाणी झिरपतं, पण आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी खाली काँक्रीट ओतून बसवतात. त्याच वेळी रस्त्याचं घाण पाणी थेट बारवेत किंवा विहिरीत सोडण्याचा विचारही मनात आणू नये. आधी गाळाचा हौद, मग वाळू, मग माती, आणि मधे भरपूर अंतर. शौचालयाच्या टाकीचं पाणी तर पावसाच्या चरात एका घराचंही येता कामा नये. ते आलं तर आपण आपल्याच हातानं विहिरी नासवल्या असं होईल.

शहरांची नक्कल करायची हौस आपल्याला आहे, तर शहरांचं काय झालं तेही पाहू. 2019 च्या 25 सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढा वस्त्यांत शिरला आणि माणसं गेली. ओढ्याची वाट वर्षानुवर्षं आवळत गेल्याचा तो परिणाम होता. त्याच पुण्याच्या महापालिकेनं 2016 मध्ये रस्त्यांच्या रचनेसाठी मार्गदर्शक तत्त्वं केली होती, म्हणजे ज्ञान शहरात होतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये 2003 साली एका साध्या रहिवासी रस्त्यावर गाड्या लावायच्या जागेतला थोडा भाग खोदून तिथे झाडांचे खोलगट वाफे केले आणि कडेच्या दगडात खाच पाडून रस्त्याचं पाणी आत घेतलं. एवढंच ते काम. ते पाहून पुढे कित्येक शहरांनी तसं केलं. चीननं 2015 पासून पाणी शोषणाऱ्या शहरांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. तरीही 2021 च्या 20 जुलैला झेंगझोऊ शहरात एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेतही माणसं बुडाली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चर आणि वाफे केले की पूर येणार नाही असं आश्वासन मी तुम्हाला देणार नाही, आणि कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका. कुरुंद्यासारखा पाऊस कोसळला तर उपयोगी पडेल तो मोकळा ओढा. म्हणून ओढ्याच्या पात्रात उकिरडे, भराव आणि पक्की बांधकामं होऊ न देणं हे चर खणण्याइतकंच, किंबहुना त्याआधीचं काम आहे. वर्षात चार-पाच वेळा येणारा 40, 50, 65 मिलिमीटरचा पाऊस मात्र आपल्या हातातला आहे, आणि घरात पाणी शिरतं ते बहुतेक वेळा त्याच पावसात.

पैशांचा प्रश्न येणारच. मीटरभर रुंदी कमी केली तर शंभर मीटरच्या रस्त्यात, दीडशे मिलिमीटर जाडी धरली तरी, 15 घनमीटर काँक्रीट वाचतं. चराची खोदाई आणि डबर यांचा मोठा भाग त्यातूनच निघेल. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींच्या निधीतला 60 टक्के भाग बंधित ठेवला: निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. म्हणजे पावसाच्या पाण्यावर खर्च करण्याची सोय निधीच्या नियमांतच होती. खरी अडचण वेगळी आहे. रस्ता 2515 या लेखाशीर्षाच्या निधीतून किंवा जनसुविधेतून येतो, नाली दलित वस्ती सुधार योजनेतून, पाइपलाइन जलजीवनमधून, आणि प्रत्येकाचं अंदाजपत्रक स्वतंत्र. नवा रस्ता झाला की वर्षभरात पाइपलाइनसाठी तो फोडलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. यावर उपाय ग्रामपंचायतीच्याच हातात आहे. एका गल्लीची सगळी कामं एका नकाशावर आधी मांडायची, जमिनीखालचं काम आधी, वरचं नंतर, आणि पाण्याचा उतार ठरल्याशिवाय काँक्रीट नाही. परभणी–हिंगोली रस्ता आपल्या अखत्यारीत नाही, पण तो गावाजवळून जातो. त्याची उंची वाढवण्याचं काम निघेल तेव्हा गावचं पाणी पलीकडे जायला मोऱ्या पुरेशा आहेत का, हे सार्वजनिक बांधकाम विभागाला लेखी विचारण्याचा अधिकार ग्रामसभेला आहेच.

देखभालीबद्दल मी फार लिहीत नाही, कारण ती सोपी आहे आणि तिथेच सगळं बिघडतं. मृगाच्या आधी गाळाचे हौद उपसायचे, पट्टीतलं प्लॅस्टिक आणि गुटख्याच्या पुड्या काढायच्या, पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा पाहायचं. काही वर्षांनी वरची वाळू बदलावी लागते. हे काम कुणाचं, हे आजच ठरवून नोंदवहीत लिहिलं नाही तर तिसऱ्या वर्षी चराचा उकिरडा होईल, आणि मग पुढची तीस वर्षं गावात कुणी या गोष्टीचं नाव काढणार नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव व्हावा, ही माझी विनंती. यापुढे गावातला कोणताही सिमेंट रस्ता करताना जुना थर उखडूनच नवा टाकावा आणि रस्त्याची पातळी लगतच्या घरांच्या उंबरठ्याखाली राहावी. पाण्याची वाट दाखवणारा नकाशा अंदाजपत्रकाला जोडलेला असावा आणि तो काम सुरू होण्याआधी त्या गल्लीतल्या लोकांना दाखवावा. बारवेभोवती आणि ओढ्याच्या काठानं काँक्रीट करू नये. आणि पहिलं वर्ष एकाच गल्लीत, एकाच रस्त्यावर हे करून पाहावं. तिथे पाणी किती वेळात जिरलं याची नोंद शाळेतल्या मुलांना ठेवू द्यावी. काम फसलं तर का फसलं तेही त्या नोंदीतून कळेल.

मुरूम किती खोल आहे हे पाहण्यासाठी पावसाळ्याआधी खड्डे घ्यावे लागतील. त्याला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. टिकाव, फावडं, पाण्याची दोन-चार पिंपं आणि राबायला तयार असलेले हात लागतात. राबायला मी येतो, सोबत आणखीही काही जण यायला तयार आहेत. सुरुवात कुठल्या गल्लीपासून करायची तेवढं ग्रामसभेनं सांगावं.

आपला,
हट्ट्याचा एक गावकरी